आइतवार नाही, आत्याबाई

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, देवळात डोळे मिटून उभी राहते तेव्हा देवालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि हे मी देवनागरीत लिहिते आहे, कारण माझ्या घरात देवनागरी माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. आमच्या तंजावूरच्या घरांत बोलणं मराठी असतं, लिहिणं तमिळ. माझे वडील हिंदीच्या शिकवण्या घेत, म्हणून मला ही अक्षरं येतात. हा कागद जेवणाच्या टेबलावर पडून राहिला तरी कुणाला काही कळणार नाही. पाहा, सुरुवातच लपवाछपवीनं झाली.

मी चोपन्न वर्षांची आहे. एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. मला याद्या करायची सवय आहे — बाजाराची, धुण्याची, औषधांची, ‘आज काय राहिलं’ याची. माझं घर स्वच्छ असतं. हे मी अभिमानानं सांगत असे.

आणि माझ्याकडे ओट्यावर ठेवायचा एक छोटा ओव्हन आहे. मासे-मटण इतक्या नीटपणे करण्याची माझी रीत आहे की ऑफिसातल्या बायका लिहून घेतात. ट्रेला आधी फॉईल. फॉईलवर केळीचं पान. माशाला हळद, मिरपूड, चिंचेचा कोळ, मीठ — आणि त्याची पानात पुडी, पुडीवर पुन्हा फॉईल. खालच्या ट्रेमध्ये दोन पेले पाणी, म्हणजे गळणारी चरबी जळत नाही, धूर होत नाही. मटणाचे तुकडे असतील तर आधी झाकून, शेवटची दहा मिनिटं उघडे. झालं की त्याच गरम ओव्हनमध्ये वाटीत पाणी आणि अर्धं लिंबू ठेवायचं. वास जातो. फॉईल गोळा करून टाकायची. घासायला एक भांडंसुद्धा नाही.

वास जातो — हे लक्षात ठेवा. माझं सगळं त्याच्यावरच उभं होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याबाईच म्हणतात. राजवाड्यामागच्या गल्लीतलं आमचं घर, त्याच्या परसात त्यांची कुम्मटी होती — कोळशाची लहान शेगडी. देवघर स्वयंपाकघरातच, म्हणून मांस-मासे आत शिजवायचे नाहीत. परसात, वेगळ्या भांड्यांत, आणि फक्त आइतवारी. हा त्यांच्या सासूचा नियम, त्यांनी पाळला. त्या दिवशी त्या सकाळपासून वेगळ्याच बाई असत. पदर खोचून, कपाळावर राख, वंजरमचे तुकडे — तुम्ही त्याला सुरमई म्हणता — तव्यावर उलटताना गुणगुणत. मला मात्र त्या तव्याला हात लावू देत नसत. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी एकदा मासा तळला होता. त्यांनी घास तोंडात घोळवला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “हा मीन आहे की वहाण? गे, तू खवले काढ. तेवढं तुला येतं.”

तीस वर्षं मी खवले काढले. पण त्याचा राग म्हणून पुढचं केलं, असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. राग असता तर निदान काही तरी मोठं झालं असतं. माझं कारण फार लहान होतं.

त्यांची दृष्टी गेली. काचबिंदू — हळूहळू, मग सगळीच. कुम्मटी बंद पडली, मासे माझ्याकडे आले. देवघरावर पडदा लावून मी ते गॅसवर करू लागले. तेल उडे, फरशी चिकट होई. आणि मग आत्याबाईंचं जेवण. मी काटे काढून देत असे, तरी एखादा राही. त्या बोटांनी चाचपून चाचपून काटा शोधत, टेबलावर ठेवत, तो खाली पडे, रस्सा लुगड्यावर सांडे. पाऊण तास. पुन्हा त्यांचं लुगडं, टेबल, फरशी. आठवड्यातली माझी एकच सुट्टी. समजलं ना? मला आइतवारची दुपार हवी होती. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायला मी पुष्कळ वेळ घालवला आहे.

मग पुरट्टासीचा महिना आला. त्या महिन्यात इकडे बहुतेक घरं मांस-मासे सोडतात, आम्हीही सोडतो. चार आइतवार कोरडे गेले. सांबार-भात, दहीभात, पुसायला काही नाही. त्याच महिन्यात मुलानं बंगळूरहून हा ओव्हन पाठवला.

पुरट्टासी संपल्यानंतरच्या पहिल्या आइतवारी नवरा पिशवी घेऊन मासे आणायला बाहेर पडला. आत्याबाई पुढच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. दाराकडे तोंड करून म्हणाल्या, “काय गे, आज आइतवार का?”

माझ्या हातात यादी होती. त्यावर अकरा कामं होती, हे मला अजून आठवतं. मी म्हणाले, “नाही, आत्याबाई. शनिवार.”

तेवढ्या एका दिवसापुरतं. असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या आठवड्यात नीट करून देईन, बसेन शेजारी, काटे काढेन. तुम्हीही असं काही तरी कधी स्वतःला सांगितलं असेल, नाही का?

पुढच्या आइतवारी त्यांनी विचारलं. मी म्हणाले, शुक्रवार.

त्यांना साडेबाराला रसमभात भरवून निजवायचं. एक वाजता मासा ओव्हनमध्ये. धूर नाही, तेलाचा आवाज नाही, वास येतो तो दार लोटलं की स्वयंपाकघरातच राहतो. पण त्या यंत्राला एक घंटा आहे — वेळ संपली की टिंग करून वाजते. म्हणून मी शेवटचं मिनिटभर समोर उभी राहत असे, आणि वाजायच्या आत बटण हातानं फिरवून बंद करत असे. नवऱ्यानं एकदा विचारलं, घंटा का वाजू देत नाहीस? मी म्हटलं, आत्याबाई झोपल्यात. तो म्हणाला, “किती करतेस गं तू अम्माचं.”

त्याला मी काय सांगितलं होतं? की अम्मानी मांस-मासे सोडले. आपणहून, देवासाठी. वय झालं की पुष्कळजण सोडतात. त्याला खरं वाटलं. खरं वाटलं म्हणजे — अभिमान वाटला. तो त्यांच्यापुढे माशांचं नावही काढीनासा झाला. लांबच्या नातेवाइकांना फोनवर सांगू लागला. एक दिवस त्याचा चुलतभाऊ आला आणि आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, “पेरियम्मा, तुमच्यासारखा निग्रह आम्हाला नाही जमायचा.” आत्याबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. विचारलं, “कसला निग्रह रे?” त्यानं सांगितलं. मी कॉफी घेऊन दारात उभी होते. त्यांचा हात तसाच त्याच्या डोक्यावर राहिला — जरा जास्तच वेळ.

तरी पुढच्या आइतवारी त्यांनी विचारलंच. “आज आइतवार का गे?” आणि मी — मी सांगितलं, नाही.

असं वर्षभर चाललं. वर्षाहून थोडं जास्तच. दिवस दोनदा सारखा सांगितला जाऊ नये म्हणून मी कुठला सांगितला ते डायरीच्या मागच्या पानावर टिपून ठेवत असे. माझी सवय.

मग एका आइतवारी माझी नणंद कमला तिरुवैयारूहून आली, सकाळच्या बसनं, न कळवता. पिशवीत डबा, डब्यात दोन विराल — नदीतले मासे, नुकते मारलेले. उंबऱ्यातूनच ओरडली, “अम्मा! तुझ्यासाठी विराल आणलेत! वैनी, कोळसा कुठंय? आज कुम्मटी पेटवते.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझे हात ओले होते. मला वाटलं, आता संपलं. बरं झालं, असंही वाटलं. खरंच वाटलं.

आत्याबाई म्हणाल्या, “मी सोडलं गे ते.”

“सोडलं? तू?” कमला हसत सुटली. “माशाचं डोकं कुणाला मिळणार म्हणून अप्पांशी भांडणारी तू? देवाला तरी खरं वाटेल का?”

“वैनीला विचार,” आत्याबाई म्हणाल्या. “तिला ठाऊक आहे सगळं.”

कमलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “हो. मागच्या वर्षीच्या पुरट्टासीपासून.”

त्या क्षणी मला कळलं, की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कसं नसेल? आठवड्यात एकाच सकाळी त्यांचा मुलगा घरी असे, कॉफीनंतर त्यांच्या खाटेवर बसून त्यांना पेपर वाचून दाखवत असे. तो वाचून उठे, पिशवी घेऊन बाहेर पडे — आणि मग त्या मला वार विचारत. त्या वार विचारत नव्हत्या. प्रत्येक वेळी त्या मला एक संधी देत होत्या, आणि प्रत्येक वेळी मी ती डायरीत टिपून ठेवत होते.

कमलानं कुम्मटी पेटवली. आत्याबाईंनी स्वतःला परसात न्यायला लावलं, शेगडीशेजारी पाटावर बसल्या. चिंच-मिरचीचा मसाला त्यांनीच हातानं माशाला चोळला. कमलाला तेवढं करू दिलं नाही. तवा तापल्याचं त्यांना ऐकून कळत होतं. “आता टाक.” मग थोड्या वेळानं, “थांब — अजून नको. हं, आता परत.” धुरानं परस भरलं. भिंतीवर, धुतलेल्या कपड्यांवर, सगळीकडे तो वास. त्यांचं तोंड धुराकडे वळलेलं होतं, आणि तीस वर्षांत मी पाहिलं नव्हतं इतकं ते मोकळं होतं.

जेवताना त्यांनी रसमभात घेतला. मीच वाढला, मीच भरवला. शेजारच्या पानात कमला मासा खात होती. एक घास, फक्त एक, मी उचलून त्यांच्या पानात ठेवू शकले असते. म्हणू शकले असते, आज आइतवार आहे, आत्याबाई. तोंडातून निघायला किती वेळ लागतो एवढ्याला?

जेवणानंतर हात धुवायला मी पाणी आणलं. त्यांनी डावा हात पुढे केला. उजवा — मसाला चोळलेला — पदराखाली धरून ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो धुवू दिला नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या, आणि हात चेहऱ्याजवळ होता.

त्यानंतर त्यांनी मला वार कधीही विचारला नाही. आणि पुढच्या आइतवारी विचारलं नाही तेव्हा मला काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं. आता सगळ्यांच्या लेखी त्यांनीच सोडलं होतं. मासा ओव्हनमध्ये ठेवला, दार लोटलं, घंटा वाजू दिली नाही. सात महिन्यांनी त्या गेल्या.

आता मी कधी कधी त्यांचा मसाला करून पाहते. चिंच किती, मिरची किती, आणखी काही असायचं का — मला माहीत नाही. तीस वर्षं शेजारी बसून खवले काढले आणि सगळ्या जगाच्या याद्या केल्या, हे एक लिहून घेतलं नाही. ओव्हनमधून मासा निघतो तो पांढरा, मऊ, नीटनेटका असतो. कुठं काही सांडलेलं नसतं. मी टेबलाजवळ उभी राहते आणि मला हवं असतं — काय सांगू — तेल उडालेलं हवं असतं. बोटांनी काटा शोधत बसलेलं कुणी तरी समोर हवं असतं. पाऊण तास. दोन तास लागले तरी.

त्यांची तिथी पुढच्या बुधवारी आहे. आमच्याकडे त्या दिवशी पडैयल ठेवतात — गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं शिजवून, केळीच्या पानावर वाढून, तसबिरीपुढे. माझ्या सासऱ्यांच्या पानात मटण असतं, खिम्याचे गोळे असतात, दारूचा पेलाही असतो. आत्याबाईंच्या पानात, तिसरं वर्ष झालं, मासा नसतो. अम्मानी सोडलं होतं ना.

आज सकाळी नवरा म्हणाला, अम्माच्या पानाची यादी करून दे, येताना बाजार करतो. मी टेबलाशी बसले. भोपळा लिहिला, वांगी लिहिली, वड्यांसाठी उडदाची डाळ, पायसासाठी गूळ, केळीची पानं. पेन खाली ठेवलं नाही. तो चप्पल घालून दारात उभा होता. “अजून काही?” त्यानं विचारलं.

मी म्हणाले, नाही, एवढंच. आणि यादी त्याच्या हातात दिली.