मॅडम भांडत नाहीत

घरात सगळ्यात जास्त भांडणाऱ्या पोरीला ‘तू वकीलच हो’ असं तुम्हीही कधी सांगितलंय का? मला सगळ्यांनी सांगितलं. मोर्च्यांची पत्रकं वाचत मोठी झालेली मी. आवाज आणि संताप दोन्ही भरपूर. म्हणून वकील होऊन कल्याण कोर्टात ज्यांच्या हाताखाली लागले, त्या मॅडमना पाहून धक्काच बसला. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात इतकी न भांडणारी बाई नसेल. डोंबिवलीत रिक्षावाल्याने भलत्याच गल्लीत उतरवलं तरी “त्याचीही काही बाजू असेल” म्हणत त्या चालू लागतात. लग्नात विहिणी रुसल्या तर दोघींच्या मधोमध जेवायला बसतात आणि पंगत उठली तरी ऐकतच असतात.

त्यांची खरी खोड ऑफिसात दिसते. पक्षकाराला समोर बसवून त्या ज्युनियरला आधी विरुद्ध बाजू मांडायला लावतात. दिवा स्टेशनजवळच्या एका भाडेकरू मावशींनी खोली सोडावी म्हणून घरमालकाने त्यांचं पाणी तोडलं होतं. घरात दोन लहान नातवंडं, पाणी शेजाऱ्यांकडून मागून आणायचं. मी उसळले, “मॅडम, हा सरळसरळ अन्याय आहे!”

“पत्रकात शोभेल गं. आता तू मालक हो.”

झाले मी मालक. पाइप फुटलाय, दुरुस्ती चाललीय, माझा काय दोष, असं रंगात येऊन बोलले. मावशी भडकल्या. “ओ मॅडम, ही पोरगी कोणाची? त्याच्याकडून आलेली काय?”

मॅडमनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. “त्याच पाइपवर वरच्या खोलीला पाणी येतं का हो?”

“धो धो येतं!”

“मग त्या नळाचा फोटो काढून आणा.”

तारखेला मालकाचा वकील गरजला, पाइप फुटलाय! मी उठणार तोच मॅडमनी मागून कोट ओढून मला बसवलं. स्वतः उभ्या राहिल्या, फोटो पुढे केला, दोन वाक्यं बोलल्या, बसल्या. पाणी ताबडतोब जोडून द्या, असा हुकूम झाला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “मॅडम, हे काम माझ्या स्वभावाला झेपेल?”

“मालकाच्या बाजूनं बोलताना मजा आली ना? मग झेपेल. राग असू दे, फक्त आधी ऐकून घेत जा.”

हल्ली गुडघ्यांमुळे त्यांना कोर्टाचा जिना चढवत नाही. मी एकटीच जाते. मागून कोट ओढणारं कुणी नसतं. उसळी आली की माझा कोट मीच धरते. तुमच्या भांडखोर पोरीला वकील करायचं मनात असेल, तर एक करा. पुढच्या भांडणात तिला तुमची बाजू मांडायला लावा. आणि तुम्ही तिची मांडा.