रणपिसे मॅडम आणि पुढच्या वर्षीचा ऊस

रणपिसे मॅडम कुठल्याही परक्या खोलीत शिरल्या की आधी खिडकीकडे जायच्या. पर्स खाली ठेवायच्या आधी कडी काढून बघायच्या. खिडकी उघडली तर "चालेल", नाही उघडली तर "दुसरी दाखवा". कसबा पेठेतल्या ज्या दोन खोल्यांत त्या वाढल्या, तिथली एकुलती एक खिडकी शेजारच्यांच्या भिंतीवर उघडायची. "हात बाहेर काढला की दुसऱ्याच्या घराचा पोपडा हातात यायचा," असं त्या सांगायच्या.

थायलंडमधल्या त्या लहान गावातल्या हॉटेलातही त्यांनी तेच केलं. कंपनीने आम्हा दोघींसाठी एसीची खोली घेतली होती, पण तिची खिडकी एसी बसवताना फळी ठोकून बंद केलेली होती. मॅडमनी पंख्याची खोली मागितली. हॉटेलच्या मालकीणबाईंना आधी कळेचना. एसी सोडून पंखा मागणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नसावं. शेवटी मॅडमनी त्यांना हाताला धरून खिडकीपाशी नेलं आणि बंद फळीवर टकटक केलं. बाई हसल्या आणि मागच्या अंगाची खोली उघडून दिली. खाली चिंचेचं झाड होतं, पलीकडे भातशेती. मॅडम म्हणाल्या, "चालेल."

मी तेव्हा नोकरीला नवी होते. करमाळ्याच्या बाजूचं आमचं गाव. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. शनिवार पेठेत कॉट बेसिसवर राहून एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. अजून कायम झालेले नव्हते. पुण्यात तेव्हा रोज कुठेतरी नवी कंपनी उघडायची, आणि एखादी मिटायचीही. आमच्या कंपनीला थायलंडच्या एका साखर कारखान्याचं काम मिळालं होतं: उसाचा ट्रक काट्यावर आला की वजन घेऊन शेतकऱ्याला छापील पावती द्यायची. ऊस कळणारी मुलगी म्हणून मला घेतलं. साहेबांनी निघताना स्पष्ट सांगितलं, "हे नीट पार पडलं तर तुझं कायमचं पत्र काढू. नाही तर बघू." त्या 'बघू'चा अर्थ मला कळत होता. माझ्या पगारावर धाकट्या भावाचं कॉलेज चालू होतं.

मॅडमनाही काहीतरी मिळायचं होतं. त्या डेटा एंट्री ऑपरेटर म्हणून लागल्या होत्या, संध्याकाळचे वर्ग करून प्रोग्रॅमर झाल्या होत्या. हे काम झाल्यावर त्यांना मॅनेजर करायचं ठरलं होतं. सगळ्या ऑफिसला ते माहीत होतं.

ऑफिसात पहिल्या दिवशी मी त्यांना माझं पूर्ण नाव सांगायला सुरुवात केली होती. त्यांनी हात वर केला. "आडनाव राहू दे. काम काय येतं ते सांग." मला वाटलं, बाई तुसड्या आहेत. पुढे लक्षात आलं की त्या कुणालाच आडनाव विचारत नसत. त्यांना मात्र पुष्कळ जण विचारायचे, आणि 'रणपिसे' म्हटल्यावर, "म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?" असा पुढचा प्रश्न यायचा. मॅडम म्हणायच्या, "कसब्यातले. तुमच्या आधीपासूनचे." त्यांच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती. हे त्या लपवत नसत आणि मिरवतही नसत.

हॉटेल साधं होतं. दोन मजले, लांब व्हरांडा, जिन्याशी चपला काढायच्या. न्हाणीघरात बादली आणि प्लॅस्टिकचं भांडं, अगदी आमच्या घरच्यासारखं. टॉवेल इतका विरळ की पलीकडचं दिसायचं. भिंतीवर वीतभर लांबीची पाल राहायची आणि माणसासारखी हाक मारायची. पहिल्यांदा ती ओरडली तेव्हा मी कॉटवर उभी राहिले. मॅडम वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उतर खाली. भाडं तीही देत नाही, आपणही देत नाही. कंपनी देते."

मालकीणबाईंना सगळे 'पा नोई' म्हणायचे. 'पा' म्हणजे मावशी, हे कारखान्यातल्या सोमचाय साहेबांनी सांगितलं. कारखान्याच्या वतीने आमच्याशी सगळं ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. पा नोई रोज सकाळी भाताची पेज आणि उकडलेलं अंडं द्यायच्या, आणि कारखान्यातून परतलो की दारातच विचारायच्या, जेवलात का? इंग्रजीचे चार-सहाच शब्द त्यांना येत होते, पण हा प्रश्न त्यांत होता. मला गावाकडच्या चुलतीची आठवण यायची. माशाच्या वासाने मात्र मी हैराण होते. तसं मॅडमना बोलून दाखवलं.

"मासे खातात त्यांच्या गावाला माशांचा वास येणारच," त्या म्हणाल्या. "आपल्या बाजीरावांच्या पुण्याला काय मोगऱ्याचा येतो?"

हॉटेलच्या अंगणात एका खांबावर बाहुलीच्या घराएवढं देऊळ होतं. पा नोई रोज त्यात फुलं आणि लाल सरबताची बाटली ठेवायच्या, बाटलीत नळीसुद्धा घालायच्या. जागेचा राखणदार, असं सोमचाय साहेबांनी सांगितलं. मॅडमनी ते लक्ष देऊन पाहिलं. "आत बुद्ध, बाहेर म्हसोबा," त्या मला म्हणाल्या. "आमच्या आजोबांनी घरातले टाक उचलून नदीत सोडले. आणि इथे ह्या राखणदाराला नळी घालून सरबत!" नमस्कार त्यांनी केला नाही. पा नोईंनी करा असं सुचवलंही नाही.

पण तिसऱ्या की चौथ्या सकाळी वेगळंच झालं. भिक्खू भिक्षेला येतात म्हणून पा नोई भाताचं भांडं घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. आम्ही गाडीची वाट बघत उभ्या होतो. पा नोईंनी मॅडमना खुणेने विचारलं, इंडिया म्हणजे हिंदू ना? मॅडम म्हणाल्या, "नो. बुद्धिस्ट." पा नोईंचा विश्वास बसला नाही. इंडियात बुद्ध जन्मले हे त्यांना माहीत होतं, पण तिथे अजून कुणी त्यांचं आहे हे नवीन होतं. तेव्हा मॅडमनी पर्स माझ्याकडे दिली, हात जोडले आणि सरळ उभं राहून म्हणायला सुरुवात केली, "बुद्धं सरणं गच्छामि." पा नोई क्षणभर ऐकत राहिल्या, मग त्यांनीही सूर लावला. त्यांचा उच्चार 'पुत्तांग सरणांग' असा काहीसा होता आणि चालही निराळी. दोघी एकमेकींकडे बघत, पुढे-मागे होत, तिन्ही सरणं म्हणून मोकळ्या झाल्या.

गाडीत मॅडमनी माझ्याकडून पर्स परत घेतली. मग म्हणाल्या, "इथे माझ्या आषाढी पौर्णिमेलाही सरकारी सुट्टी आहे. माझं वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरचं वर्ष आहे. कसं वाटतं सांगू? काही वाटत नाही. तीच गंमत आहे."

गळीत हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दुपारी सोमचाय साहेब घाईने आले. पावतीवर इसवी सन छापला जात होता. शेतकऱ्यांना तो कळत नाही, आमचं बुद्धाचं वर्ष छापा, असं त्यांचं म्हणणं होतं. इसवी सनात किती मिळवायचे हे ते सांगणार होते, तेवढ्यात मॅडमनी त्यांना थांबवलं. "सांगायची गरज नाही. ते वर्ष आमचंही आहे." इतकं मोकळं हसताना मी त्यांना ऑफिसात पाहिलं नव्हतं. सोमचाय साहेबांनाही बरं वाटलं. ते हात जोडून दुसऱ्या दिवशीच्या पूजेच्या तयारीला निघून गेले.

मॅडमनी मला आकडा सांगितला, पाचशे चव्वेचाळीस. "लग्नपत्रिकेत, वंदनेच्या पुस्तकात सगळीकडे असतो. छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा पंचवीसशे. तिथून मोज." मी मोजलं, बरोबर आलं. मी आकडा टाकला. त्यांनी एक पावती छापून पाहिली आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी भिक्खूंनी मंत्र म्हटले, काट्यावर पाणी शिंपडलं आणि पहिला ट्रक चढला. पावती निघाली. ड्रायव्हरने ती पाहिली, ट्रक पुढे घेतला आणि उतरून मागच्याला दाखवली. मग तो आणखी मागे गेला. पाहता पाहता रांगेतली माणसं ट्रक सोडून काट्याभोवती जमली. तोपर्यंत पाच-सहा ट्रक होऊन गेले होते, तेही शेतकरी परत आले. कुणी आरडाओरडा करत नव्हतं, पण पुढचा ट्रक काट्यावर चढेना. सोमचाय साहेब पावती घेऊन आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पावतीवर पुढचं वर्ष होतं.

थायलंडमध्ये बुद्धाचं वर्ष आपल्यापेक्षा एकाने कमी मोजतात. पाचशे त्रेचाळीस. त्यांनी पंचवीसशेवं वर्ष छप्पन साली नव्हे, सत्तावन्न साली धरलं. हे आम्हाला त्या क्षणी कळलं.

माणसं का बिथरली हे मात्र मला सांगावं लागलं नाही. आमच्याकडे कारखान्याकडून उसाचं बिल कधी येईल ह्यावर घरातली लग्नं ठरतात आणि मोडतात. ऊस आज घातला आणि हातात पुढच्या वर्षीची पावती आली, तर माणूस काय समजेल? पैसे पुढच्या वर्षी. मी आकडा बदलायला बसले. प्रोग्रॅममध्ये बदल करणाऱ्याचं नाव नोंदलं जायचं, आणि ते नाव माझं होतं.

मॅडम काट्यावर गेल्या. सोमचाय साहेबांना म्हणाल्या, "त्यांना सांगा, चूक माझी. इंडियात एक वर्ष पुढे मोजतात." साहेबांनी सांगितलं. एक म्हातारा काहीतरी बोलला आणि सगळे हसले. "काय म्हणाले?" मॅडमनी विचारलं. सोमचाय साहेब संकोचले. "म्हणतात, बुद्ध तुमच्याकडचे, म्हणून तुम्हाला घाई." मॅडमही हसल्या. मग निघालेली एकेक पावती मागून घेऊन त्यांनी पेनने वर्ष दुरुस्त केलं, शेजारी सही केली आणि दोन्ही हातांनी परत दिली. दुपारच्या आत ट्रक पुन्हा चढू लागले.

पण पुण्याला बातमी पोचली होती. संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवर फोन आला. लाइन खराब असल्याने आमचे साहेब मोठ्याने बोलत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, नोंद त्या मुलीच्या नावावर दिसतेय. ती अजून कायम नाही. रिपोर्टमध्ये ज्युनियरची चूक म्हणू, तिला मोकळं करू. क्लायंटचंही समाधान होईल आणि तुमच्या प्रमोशनलाही धक्का नको."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. भावाला काय सांगायचं हेच डोक्यात आलं.

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "आकडा मी सांगितला. सोमचाय सांगत होते, त्यांना मी गप्प केलं. मुलीने मी सांगितलं ते टाकलं."

"ते खरं असेल हो, पण कागदावर..."

"कागदावर मी लिहून पाठवते. माझ्या सहीचे कागद इथे सकाळपासून बरेच वाटले आहेत, त्यात अजून एक."

"विचार करा. मॅनेजरचं मग अवघड होईल."

"झालं तर झालं. फोनचं बिल वाढतंय, ठेवते."

त्यांनी खरंच ठेवला. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाल्या, "रडायचं असेल तर खोलीत. इथे पा नोईंना वाटेल हॉटेल आवडलं नाही."

नंतर त्या अंगणातल्या लाल खुर्चीवर पा नोईंशेजारी बसून राहिल्या. पा नोई शेंगा सोलत होत्या. मॅडमनीही मूठभर ओढून घेतल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाल्या, "सगळीकडे दुसऱ्यांचंच पंचांग पाठ केलं गं आयुष्यभर. हे एक माझं होतं. विचारायची गरज वाटली नाही." पा नोईंना एकही शब्द कळला नाही, पण त्यांनी मॅडमच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

पुण्याला परतल्यावर मॅनेजर दुसराच झाला. मॅडमपेक्षा पुष्कळ लहान मुलगा. तो त्यांना कामं विचारून करायचा आणि मॅडम सांगायच्या, आवाजात काही न आणता. निवृत्तीपर्यंत त्या त्याच टेबलावर होत्या. मला मात्र कायमचं पत्र मिळालं. त्या पत्रावर माझ्या भावाचं शिक्षण झालं, बहिणीचं झालं, घरावर स्लॅब चढला. मॅडम दोन वर्षांपूर्वी गेल्या. ऑफिसातल्या कुणाला त्या तिखट आठवतात, कुणाला गमतीशीर. मला त्या स्वारगेटला आठवतात.

पत्र मिळालं त्या शनिवारी मी गावी निघाले होते, आणि त्या मला सोडायला आल्या होत्या. गर्दीत, धुरात आम्ही करमाळ्याच्या गाडीची वाट बघत होतो. मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. अजून वाटतं."

"मग तुम्ही का... साहेब तर मार्ग देत होते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, एखादी सोपी बेरीज चुकल्यावर बघायच्या तसं. "अगं, माझ्या नावावर ती चूक एका वर्षाची होती. तुझ्या नावावर टाकली असती तर जन्माची झाली असती."

तेवढ्यात गाडी लागली. माणसं दाराकडे धावली. मी वाकून त्यांच्या पाया पडायला गेले तर त्यांनी माझा दंड धरून मला सरळ उभं केलं आणि दाराकडे ढकललं.

"हे नंतर. आधी जागा पकड."