बंद झाकणाखालचा धूर

धक्क्याच्या उजव्या अंगाला, जुन्या दोरखंडांचा ढीग संपतो तिथे मिस्त्रींचं वर्कशॉप होतं. पत्र्याचं छप्पर, तेलाने काळी पडलेली जमीन, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या दोरीवर चिमट्यांनी लटकवलेली पांढऱ्या कापडाची फडकी. नवख्या माणसाला वाटायचं की मिस्त्रींना सर्दीचा विकार आहे. पण त्या फडक्यांवर माणसांनी नाक पुसलेलं नसायचं, लाँचींनी पुसलेलं असायचं.

मिस्त्रींची तपासायची पद्धत ठरलेली होती. इंजिन चालू करायचं, ते तापू द्यायचं आणि मग धुराच्या नळीच्या तोंडाशी पांढरं फडकं धरून मनातल्या मनात साठपर्यंत मोजायचं. फडकं कोरडं काळं झालं, तर इंजिनाला डिझेल जास्त होतंय किंवा हवा कमी पडतेय. त्यावर तेलकट डाग पसरत गेला, तर धूर निळा, म्हणजे इंजिन आपलंच तेल पितंय. आणि नुसतं ओलं झालं, तर धूर पांढरा; मग नाकाशी धरून बघायचं की ते पाणी आहे की न जळलेलं डिझेल. डोळ्यांना झोंबलं तर डिझेल. एवढं झाल्याशिवाय मिस्त्री पान्याला हात लावत नसत. "मालक सांगेल ते ऐकायचं नसतं, फडकं सांगेल ते ऐकायचं," हे ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे आणि ऐकणारा मालकच असला तर जरा जास्त मोठ्याने म्हणायचे. घरातली एखादी चादर जराशी विरली की त्यांची नजर तिच्यावर जायची, आणि त्यांची बायको ती नजर ओळखून चादर कपाटात सगळ्यांत खाली सरकवायची.

नदीवर दहा-बारा लाँच चालत आणि त्या सगळ्यांच्या दुखण्यांवर मिस्त्रींचा शब्द शेवटचा असे. जलवाहतूक कचेरीतले साहेबसुद्धा कुठल्या लाँचीला परवानगी द्यायची आणि कुठल्या नाही, हे आधी मिस्त्रींना विचारत. माणसाला असा मान तीस वर्षं मिळाला की त्याची मान थोडी ताठ होतेच. मिस्त्रींचीही झाली होती.

या मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, दवाखान्याच्या काठावर जाणारी लाँच चालवत. लाँच कचेरीची, पण एकतीस वर्षं सुकाणू दाजींच्या हातात. बोलणं मोजकं, हात हलका. लाँच धक्क्याला लागली तरी उभ्या माणसाच्या कपातला चहा हिंदकळायचा नाही, असं लोक म्हणत. अशा दाजींच्या लाँचीबद्दल दोन महिन्यांपूर्वी तक्रारी यायला लागल्या. लाँच काळा धूर ओकते, डोळे चुरचुरतात, कपड्यांवर काजळी बसते. दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी तर आपला पांढरा गणवेश घडी घालून थेट कचेरीच्या टेबलावर नेऊन ठेवला.

दाजींनी लाँच मिस्त्रींकडे आणली. मिस्त्रींनी लाँचीच्या मधोमध असलेलं इंजिनाचं लाकडी झाकण उचलून बाजूला ठेवलं, खाली उतरले, इंजिन चालू करून तापू दिलं आणि मागे जाऊन फडकं धरलं. फडकं जवळजवळ कोरं. दहा दिवसांनी पुन्हा तक्रार, पुन्हा लाँच मिस्त्रींच्या दारात, पुन्हा फडकं कोरं. तिसऱ्या वेळी त्यांनी डिझेल फवारणारे नोझल काढून तपासले, हवेची जाळी बदलली आणि रिकामी लाँच पार पलीकडच्या काठापर्यंत नेऊन आणली. झाकण उघडं, मिस्त्री आत इंजिनाशेजारी, आणि रेसही त्यांनीच दिलेली. दाजी फक्त सुकाणू धरून उभे. धूर नावालासुद्धा नाही.

"इंजिन ठणठणीत आहे दाजी," मिस्त्री वर येत म्हणाले. "तुम्ही रेस जास्त देताय."

"असेल," दाजी म्हणाले.

साहेबांनी विचारलं तेव्हा मिस्त्रींनी तेच कागदावर लिहून दिलं. इंजिनात दोष नाही, चालवणाऱ्याचा हात जड झाला आहे. नातं आहे म्हणून शब्द मऊ केला असं कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी त्यांनी सहीसुद्धा ठसठशीत केली. तो कागद वाचून साहेबांनी ठरवलं की येत्या एक तारखेपासून सुकाणूवर दुसरा माणूस, आणि दाजींनी धक्क्यावर दोर बांधा-सोडायचं काम बघावं. एकतीस वर्षं लाँच चालवलेल्या माणसाने दुसऱ्याने आणलेल्या लाँचीचा दोर झेलायचा.

ताईने भावाशी बोलणं टाकलं. त्याआधी एकदा वर्कशॉपच्या दारात उभी राहून, आतल्या दोन गिऱ्हाइकांच्या देखत, जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. मिस्त्रींनी ते खाली मान घालून ऐकलं. ताईच्या बोलण्याची त्यांना लहानपणापासून सवय होती. त्यांना टोचत होतं ते दाजींचं गप्प राहणं. ज्याचा हात खरंच हलका आहे तो माणूस असा आरोप ऐकून निदान एकदा तरी भांडेल की नाही? दाजींनी कागदाबद्दल ना कचेरीत विचारलं, ना मेव्हण्याला. उलट दुसऱ्या दिवशी धक्क्यावर भेटले तेव्हा "जेवलास का" म्हणून विचारलं. मिस्त्रींना त्या दिवशी घास गेला नाही.

महिना संपायला चार दिवस राहिले होते. मिस्त्रींना पलीकडच्या काठावर एक डिझेलचा पंप पोचवायचा होता. एरवी ते कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या लाँचीत इंजिनापाशी बसूनच नदी ओलांडत, पण त्या सकाळी एकही लाँच मोकळी नव्हती. म्हणून पंप गोणपाटात गुंडाळून ते दाजींच्या लाँचीत चढले आणि चारचौघांसारखे बाकावर बसले. शेजारी नेमक्या त्या गणवेशवाल्या नर्सबाई. त्यांनी मिस्त्रींना ओळखलं आणि पर्स दोघांच्या मध्ये ठेवली.

लाँच भरलेली होती. इंजिनाच्या झाकणावरसुद्धा दोघं बसले होते. नदीच्या मध्यावर नर्सबाईंनी काही न बोलता रुमाल काढून नाकाला लावला. मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं. लाँचीच्या मागे पाण्यावर काळ्या धुराचा जाड पट्टा लोळत होता.

मिस्त्री लोकांचे गुडघे चुकवत मागे गेले आणि खिशातलं फडकं नळीशी धरलं. साठपर्यंत मोजायची गरज पडली नाही. विसालाच ते काळं झालं होतं. मग मध्ये येऊन त्यांनी झाकणावरच्या दोघांना उठवलं आणि झाकण उचललं. इंजिनाच्या आवाजाने लोक वैतागले. "मिस्त्री, हे घरी जाऊन करा की," एक जण म्हणाला. मिस्त्रींचं लक्ष मागे होतं. काळा पट्टा विरळ होत गेला, करडा झाला आणि चार-पाच मिनिटांत नावालाच राहिला. त्यांनी झाकण लावलं. थोड्या वेळाने धूर पुन्हा काळा. पुन्हा उघडलं, पुन्हा विरला. एवढ्या गडबडीत दाजींनी काचेतून एकदा मागे वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागले. हे काय चाललंय, असंही त्यांनी विचारलं नाही.

मिस्त्री झाकणाच्या कडेला बसून राहिले. तीस वर्षं त्यांनी प्रत्येक इंजिन झाकण उघडून पाहिलं होतं. न उघडता मिस्त्री इंजिनाशी पोचणार कसा? पण लाँच रोज चालते ती झाकण लावून. त्यांनी झाकण उघडलं की इंजिनाला पोटभर हवा मिळायची आणि दुखणं पळून जायचं. वैद्याने खिडकी उघडून रोग्याला तपासावं, तुझा श्वास छान चालतोय म्हणून सांगावं आणि जाताना खिडकी लावून घ्यावी, असा सगळा प्रकार झाला होता.

झाकण लावल्यावर इंजिनाला हवा मिळायची ती दोन्ही बाजूंच्या बाकांखालून, टोपलीच्या तोंडाएवढ्या दोन भोकांतून. पलीकडच्या काठाला लाँच रिकामी झाली तसे मिस्त्री पोटावर झोपले आणि बाकाखालची जीवरक्षक जाकिटं ओढून काढली. मागे भोक दिसतच नव्हतं. भोकाच्या तोंडावर एक जाड गोल गादी बसवलेली होती. आत फोम, वर जुन्या पडद्याचं कापड, कडेने दुहेरी टीप आणि बाहेर ओढता यावी म्हणून चार नाड्या. दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी. ती टीप मिस्त्रींनी शाळेच्या पिशवीपासून ते लग्नातल्या गादीपर्यंत पाहिलेली होती. ती ताईच्या मशिनची टीप होती.

गाद्या त्यांनी तशाच राहू दिल्या. उठता उठता त्यांची नजर दाजींच्या रेसच्या दांडीवर गेली. पितळी पट्टीवर सहा खाचा होत्या. ही लाँच तिसऱ्या खाचेत आरामात चालते, हे मिस्त्रींना पाठ होतं. दांडीने नव्याने घासून चकाकलेली जागा पाचव्या खाचेपाशी होती. म्हणजे हात जड झाला होता, हेही खोटं नव्हतं. ते का, हे मात्र त्यांच्या डोक्यात शिरेना.

दुपारी ते ताईच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. ताई भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"बाकाखालच्या गाद्या तू शिवल्यास ना?"

सुरी थांबली. "त्यांना सांगू नकोस," ताई म्हणाली. "हल्ली एक गोष्ट दोनदा सांगावी लागते त्यांना. कानाच्या डॉक्टरांना मीच जाऊन विचारलं. ते म्हणाले, दिवसभर इंजिनाचा आवाज कानांवर आदळतोय, तो कमी करा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. यांना सांगितलं असतं तर ऐकलं असतं का? मग एका रविवारी मी लाँच धुवायला गेले तेव्हा बसवून आले. निम्मा आवाज गेला बघ."

"आवाज गेला आणि हवाही गेली, ताई. धूर त्याचाच आहे."

ताईने सुरी ताटात ठेवली. "म्हणजे त्यांना सुकाणूवरून मी उतरवलं," ती म्हणाली.

"तू गादी बसवलीस. न बघता सही मी ठोकली. तू इंजिनाची मिस्त्री नाहीस, मी आहे." मिस्त्रींना आयुष्यात प्रथमच आपल्या सहीची लाज वाटली. "आवाजाचं बघू आपण. भोकांना वाकडी लाकडी पेटी करतो आणि आतून हाच फोम लावतो. हवा वळणं घेत येते, आवाज वळणात बराचसा मरतो. पण आधी उद्या ह्या गाद्या काढायच्या."

"त्यांना मी सांगेन," ताई म्हणाली. "तू मध्ये पडू नकोस."

मिस्त्री तिथून निघाले ते थेट कचेरीत गेले आणि दुसरा कागद लिहिला. मी झाकण लावून इंजिन तपासलं नाही, आधी दिलेलं लेखी मागे घेतो, चूक माझी आहे. साहेबांनी तो दोनदा वाचला. मिस्त्रींच्या हातचं असं काही त्यांनी कधी वाचलं नव्हतं. सकाळी स्वतः येऊन बघतो आणि मग ठरवतो, असं ते म्हणाले.

सकाळी धक्क्यावर चौघं होते. साहेब, मिस्त्री, ताई आणि दाजी. मिस्त्रींनी बाकाखाली हात घालून दोन्ही गाद्या ओढून काढल्या. ताईने त्या त्यांच्या हातून घेतल्या आणि नवऱ्यापुढे धरल्या.

"मी बसवल्या होत्या," ती म्हणाली. "तुमच्या कानांसाठी. दोन महिने झाले. धूर ह्याच्यामुळे येत होता."

दाजींनी एक गादी हातात घेतली. ती दाबून पाहिली, उलटी करून पाहिली. मग त्यांनी गादी बाकावर ठेवली आणि पुढे जाऊन सुकाणूपाशी उभे राहिले. मिस्त्रींनी झाकण नीट लावलं आणि वरून पायाने दाबून बघितलं. साहेब मागे नळीपाशी गेले.

दाजींनी इंजिन चालू केलं. ते तापल्यावर दोर सोडला आणि लाँच पाण्यात घेतली. हात सवयीने पाचव्या खाचेकडे निघाला. चौथ्यावरच तो थांबला. मग दाजींनी दांडी सावकाश मागे ओढली, तिसऱ्या खाचेत बसवली आणि मान थोडी तिरकी करून उभे राहिले. मागून साहेब काहीतरी सांगत होते, बहुधा धूर नाही असंच. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"अहो, काय झालं?" ताईने विचारलं.

"ऐकू येतंय," दाजी म्हणाले.

त्यांचा चेहरा पाहून मिस्त्री झाकणावरून उठून पुढे आले.

"दोन महिने हे इंजिन मला लांबून कुठूनतरी ऐकू यायचं," दाजी म्हणाले. "एका दिवसात गेलं. मला वाटलं, संपले कान. मग आवाज कानाला लागेपर्यंत रेस देत राहिलो. तू झाकण उघडायचास तेव्हा यायचा आवाज, पण उघड्या झाकणाचा तर कोणालाही येतो."

"मग सांगायचं नाही का, दाजी? मी काय परका होतो?"

"काय सांगू? बहिरा माणूस साठ लोक घेऊन नदीत जातोय, हे स्वतःच्या तोंडाने सांगू? रोज ठरवायचो की आज कचेरीत जाऊन सांगायचं. पाय उचलत नव्हता. तू लिहून दिलंस तेव्हा सुटलो. माझं काम तू केलंस असं वाटलं मला."

मिस्त्रींनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मागे बाकावर ताई दोन्ही गाद्या मांडीवर घेऊन बसली होती. तिने पदर तोंडाला लावला, आवाज होऊ नये म्हणून.

दाजींनी मागे वळून पाहिलं नाही. लाँच मधल्या धारेत आणता आणता ते म्हणाले, "रडू नकोस. तेही ऐकू येतंय."