काळ्या अंगणातला वाल

सामान भरलेला टेम्पो निघायला लागला, तेव्हा सगळ्यांचं लक्ष कपाटाच्या आरशाकडे होतं. दोर आवळला का, मधे गोधडी घातली का, हीच चर्चा. माझी माय तेवढी खिडकीशी आली आणि चिंधीची एक पुरचुंडी माझ्या मुठीत कोंबली. आत राखेत घोळलेलं वालाचं बी होतं.

"सारंच देलं तुले. मिरग लागला का टाकजो. अन् वाटत जाजो."

मी अर्धवटच ऐकलं. कळंबजवळचं गाव सोडून वणीला जायचं म्हणून माझं तोंड फुगलेलं. नवऱ्याला तिथे ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम लागलं होतं. लोक म्हणाले, जिल्हा तर एकच, त्यात एवढं काय? असं म्हणणाऱ्यांपैकी एकानंही कधी घर बदललेलं नव्हतं.

वणीच्या भाड्याच्या खोलीमागे चार पावलांचं अंगण होतं, आणि ते काळंभोर! आम्ही कपाशीच्या मुलखातल्या पोरी. माती काळी दिसली की आमचा जीव सुपाएवढा होतो. मृग लागताच सगळं बी एका सकाळी टोचून मोकळी झाले. वाटलं, दसऱ्यापर्यंत भिंत फुलांनी भरेल.

पंधरा दिवसांत तीन कोंब आले. पिवळे पडले आणि गेले.

शेजारच्या वनमालाबाई भिंतीवरून पाहत होत्या. म्हणाल्या, "माती नव्हे वं थे, कोयसा व्हय. पहिल्या भाडेकऱ्यानं सारा चुरा इथंच टाकला." आणि हसल्या. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "दोन शेंगांपायी काहून रडून राह्यली?"

दोन शेंगांसाठी नव्हतंच ते. जांभळ्या कडेचा हा वाल मायनं तिच्या माहेराहून आणला होता. बाजारात तो मिळत नाही. तिनं सगळं बी मला दिलं आणि मी ते कोळशात पुरलं. तिच्या माहेरची शेवटची खूण माझ्या हातून संपली, असं वाटून मला घास जाईना.

संक्रांतीला गावी गेले. मायचं कुंपण रिकामं बघून आणखीच मेल्यासारखं झालं. कसंबसं सगळं सांगितलं. ती रागावली नाही. हात धरून गल्लीच्या टोकाला गंगामावशीकडे घेऊन गेली. तिथं परसात वेल शेंगांनी लगडलेला. मायनंच कधीतरी तिला मूठभर बी दिलेलं.

"म्हणून तं वाटाले सांगतो. एकाच घरी ठेवलं, ते बी मेलंच समज."

मावशीनं आम्हा दोघींनाही मूठ मूठ बी परत दिलं. या खेपेला मी हट्टालाच पेटले. गुडघाभर खोल खणून सगळा चुरा घमेल्यांनी बाहेर काढला. गावाबाहेरच्या बांधावरची माती आणली, त्यात कुजलेलं शेणखत मिसळलं. माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या पोरींनो, माती नुसत्या रंगावर घेऊ नका. ओली करून मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, तर ती आपली. आणि हाताशी असलेलं सगळं बी एकदम कधीच पेरू नका. निम्मं डब्यात राहू द्या.

वणीत हिवाळ्यात पानांवर कोळसा खाणींची काळी धूळ बसते. दोन दिवसांआड सकाळी पानं धुवायची, म्हणजे मेथी-पालकही तरारतात. शेंड्यांवर मावा दिसला की निंबोळीचं पाणी फवारायचं, फुलं यायची वाट बघत बसायचं नाही. लिंबू आणि जाम, म्हणजे पेरू, मी नंतर लावले. पहिलं लिंबू मीच बुडाशी पाणी ओतून ओतून कुजवलं. झाडाची सावली जिथं संपते तिथं आळं करायचं, उन्हाळ्यात त्यावर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पसरायचं. दुसरं लिंबू आता डोक्याच्या वर गेलंय.

वालाचं पहिलं बी वनमालाबाईंना दिलं. "कोयशात नका टाकू," असं वर ऐकवलंही. पुढे आमच्या ओळीतल्या पाच घरांवर तो चढला.

गेल्या पावसाळ्यात गावात पाणी साचून राहिलं. मायचा वेल सडला, गंगामावशीचाही. शिमगा झाल्यावर मायचा फोन आला. "मले वालाचं बी पाहिजे होतं वं, पोरी." जन्मात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काही मागितलं. मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून रडले, पण ते रडणं चांगलं होतं.

पाठवलं नाही, स्वतः घेऊन गेले. डबाच्या डबा तिच्या पदरात ओतला. तिनं सारंच दिलं होतं, मीही सारंच देणार होते. मायनं एक दाणा उचलला, जांभळ्या कडेवरून नख फिरवलं. मग निम्मं बी मोजल्यासारखं बाजूला सारलं, चिंधीत बांधलं आणि पुन्हा माझ्या मुठीत कोंबलं.

"सारं कायले आणलं? हे घरी ने."

इतकी वर्षं ती 'तुह्या वणीले' म्हणत आली होती. आज पहिल्यांदाच 'घरी' म्हणाली. पुरचुंडी घट्ट धरली आणि वणीची एसटी पकडून घरी आले.