वजनात कमी भरलेली सायकल

खून पाहिले, दरोडे पाहिले, बरंचसं विसरलोही. पण लातूर जिल्ह्यात ठाणे अंमलदार असताना तपासाला आलेली एक मोडकी सायकल अजून डोक्यातून जात नाही.

नांदेड-लातूर रस्त्यावर सायकलींची शर्यत होती. उतारावर एका मुलीच्या कार्बनच्या सायकलीची दांडी मोडली. ती फेकली गेली, खुबा मोडला. तिच्या शर्यती कायमच्या संपल्या. बाप मुरुडचा, ट्रॅक्टरच्या अवजारांना वेल्डिंग करणारा. बायको वारलेली, ही एकुलती लेक. तो ठाण्यात आला तोच टेबलावर हात आपटत.

"एवढी महागाची सायकल अशी मोडती व्हय, साहेब? कापून ठिवलीय कुणीतरी!"

त्याच दिवशी खबर आली, दुसऱ्या संघाचा मिस्त्री सकाळी या सायकलीपाशी वाकलेला दिसला होता. मिस्त्री नांदेडचा, पन्नाशीचा. आणून बसवला. मी आवाज चढवला, दमदाटी केली. तो एकच धरून बसला, "पोरीनं बोलावलं, हवा भरून दिली. बस."

शेवटी वैतागून मुद्देमाल त्याच्यापुढे टाकला. त्यानं दांडीवरून अंगठा फिरवला.

"साहेब, चीर ह्या भोकापासून निघाली. कार्बन म्हंजे चिकटवलेले धागे. भोक पाडलं की धागे तुटले, मग हादऱ्यानं चीर वाढत जाती. कार्बनची जाण असलेला माणूस इथं ड्रिल लावणारच न्हाई. हे लोखंडवाल्याचं काम हाय."

भोकातल्या बोल्टला एक लोखंडी पट्टी लटकत होती. पंचनाम्यात मी ती 'सायकलीचा भाग' म्हणून लिहिली होती. शाबास माझी!

दवाखान्यात जाऊन मुलीला पट्टीचं विचारलं. तिनं डोळे मिटले.

"शर्यतीत सायकल सहा किलो आठशे ग्रॅमच्या खाली चालत नाही. आमची जरा कमी भरली. वजन भरायला बाबांनी भोक पाडून पट्टी बसवली. लई खूश होते, जन्मात निघणार न्हाई म्हणले." मग माझी बाही धरली. "त्यांना सांगू नका, साहेब. त्यांना मीच एक हाय."

पण तिकडे ठाण्यात एक निर्दोष माणूस बसलेला होता. तिचा जबाब घ्यावाच लागला. मिस्त्रीला सोडलं, माफी मागितली. तो चपला घालून निघून गेला.

बापाला दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठून सगळं सांगितलं. त्याचा आधी विश्वास बसेना. मग तो आपल्या हातांकडे बघायला लागला.

"माझ्यावर गुन्हा लिवा, साहेब."

"गुन्हा होत नाही. अपघात आहे."

"लिवा की वो! कायतरी लिवा!"

वरिष्ठांचा फोन आला, अहवाल कुठाय म्हणून. मी त्याला बाकावर बसवून ठाण्यात गेलो. एवढं माझं चुकलं, आणि ते आजही सलतं. नर्सनं नंतर सांगितलं, तो वॉर्डच्या दारापर्यंत दोनदा गेला आणि दोन्ही वेळा मागं फिरला. मुलगी आतून हाका मारत होती. तो मुरुडला निघून गेला. दवाखान्यातून तिला न्यायला मामा आला.

मिस्त्री संशयित होता तोवर त्या बापाला भांडायला कुणीतरी होतं. ते मी काढून घेतलं, आणि कागद पूर्ण करायला पळालो. सत्य शोधणं पोलिसाचं काम, हे मला शिकवलं होतं. ते सांगितल्यावर माणसापाशी बसायचं असतं, हे कुणी शिकवलं नाही. वॉर्डचं दार बाकापासून दहा पावलांवर होतं. हात धरून त्याला आत न्यायला मला किती वेळ लागला असता?