आमच्या धाकल्याचं लांब गाणं

आख्ख्या नवी मुंबईत हळदीच्या मांडवात सात मात्रांचा ठेका वाजवून लोकांना पाडणारा माणूस एकच झाला, आणि तो माझा धाकटा दीर. पाडणारा म्हणजे खरोखर पाडणारा. तेव्हा तो आमच्या गावच्या बेंजो पार्टीत ड्रम वाजवायचा. हळदीला बायकामाणसं रंगात आलेली, एक पाय खाली, एक पाय वर, आणि ह्यानं ठेक्यातला शेवटचा ठोका खाऊन टाकला. सगळ्यांचे पाय हवेत राहिले. नवरदेवाची मावशी करवल्यांच्या अंगावर पडली आणि करवल्या हळदीच्या परातीत. पार्टीच्या मालकानं त्याच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या आणि विचारलं, "आठवा ठोका कुठं गेला रं?" हा शांतपणे म्हणाला, "नाय घेतला. त्याच्याबिगर बरा वाटतो." दुसऱ्या दिवसापासून पार्टीलाही त्याच्याबिगर बरं वाटायला लागलं.

मी लग्न होऊन बेलापूरच्या खाडीकडच्या ह्या गावात आले तेव्हा तो माझ्या कमरेएवढाही नव्हता. सासूबाई मिठागरावर जायच्या आणि हा माझ्या कडेवर. नाक पुसून दिलेल्या दिराला भावजी म्हणायला तोंड वळेना, म्हणून मी धाकल्या म्हटलं. आता त्याचे केस पिकले, पवण्याच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाला, तरी धाकल्याच. लग्न त्यानं केलं नाही. मुली दाखवल्या, त्याही चांगल्या घरच्या. एकीच्या घरी हा पोहे खायला गेला आणि त्यांच्या शोकेसमधली सतार बघत बसला. मुलगी कशी होती विचारलं तर म्हणाला, "तिची एक तार तुटलेली." मी त्यानंतर नाद सोडला.

लग्नाऐवजी त्यानं वाद्यं केली. गिटार, तिचीच जाड आवाजाची बहीण ती बेस, कीबोर्ड, मेंडोलिन, बासरी, ड्रमचा सगळा संसार आणि बेंजो पार्टीतून भंगारात निघालेला एक बेंजो. सगळी हाच वाजवतो, आणि सगळी चांगली वाजवतो. हे तो माझा दीर म्हणून सांगत नाही. वाईट वाजवलं असतं तर तेही सांगितलं असतं, आणि सुरुवातीच्या बासरीच्या वेळी सांगितलं होतंच. आमच्या मागच्या दारी तेव्हा कुत्री जमायची.

जे संगीत तो करतो त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. कारखान्यातल्या एका साहेबानं त्याला तरुणपणी गोऱ्या लोकांच्या कॅसेट ऐकायला दिल्या होत्या, तिथून हे सुरू झालं. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. मधे तीनदा संपल्यासारखं वाटतं आणि आपण उठलो की परत सुरू होतं. मी विचारलं, "ह्यात प्रोग्रेसिव्ह काय?" तर म्हणाला, "वयनी, ह्या गान्यात एकदा झालेला परत तसाच व्हत नाय. पुढं पुढं जातो." मी म्हटलं, "आमची बस पन पुढं पुढं जाते, पन थांब्यावर थांबते." पण एक मानावं लागेल, त्यानं शिकायला कुठलीच जागा सोडली नाही. कारखान्यात पत्रा ठोकणारे दोन प्रेस शेजारी शेजारी चालायचे, एक जरा जलद आणि एक जरा हळू. त्यांचे ठोके कधी एकत्र पडायचे, कधी फाकायचे. हा डबा उघडून त्यांच्या मधे बसायचा आणि घास हातात तसाच धरून ऐकायचा. सुपरवायझरला वाटलं मशीन बिघडली. हा म्हणाला, "बिघडली नाय साहेब, जमली."

स्टुडिओ त्यानं घरातच केला, आमच्या भाताच्या कोठीत. शेती सिडकोनं नवी मुंबईसाठी घेतल्यावर ती खोली रिकामीच होती. भिंतींना त्यानं जुन्या गोधड्या मारल्या, त्यांवर गोणपाट, त्यावर अंड्यांचे ट्रे. त्यातल्या दोन गोधड्या माझ्या बाळंतपणाच्या. छतावरची पाण्याची टाकी धुवायला काढली की आधी हा तिच्यात माईक सोडून बासरी वाजवून घ्यायचा, कारण तिच्यातला आवाज देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमतो म्हणे. तोवर आम्ही बिनपाण्याचे. पहिल्यांदा त्या खोलीतून पुरतं गाणं ऐकू आलं तेव्हा मी पाच कप चहा करून घेऊन गेले, कारण आत ढोल, गिटार, पेटीसारखं काहीतरी, बासरी आणि एक गाणारा असे पाच जण नक्कीच होते. दार उघडलं तर हा एकटाच, गंजीफ्रॉकवर, घामाघूम. म्हणाला, "सगला मीच हाय." मी म्हटलं, "मग पाची कप पी." प्यायला.

रेकॉर्डिंग चालू असलं की दारावर लाल दिवा लागतो. दिवा लागला की घरात पंखा बंद, फ्रिज बंद, टीव्ही बंद, भांडण बंद. भांडण बंद व्हायचं हा त्या दिव्याचा सगळ्यात मोठा उपयोग. एकदा फ्रिज चालू करायचा विसरला आणि उरणहून आणलेली सुरमई वाया गेली. तेव्हा मात्र दिवा असून भांडण झालं. दुसऱ्या एकदा माझा कुकर वेळेआधी शिट्टी मारून गेला. त्यानं ती शिट्टी तशीच ठेवली. पुढं ते गाणं इंटरनेटवर टाकलं तर कुठल्याशा थंड देशातल्या माणसानं विचारलं, हे शिट्टीसारखं वाद्य कोणतं? ह्यानं कळवलं, तूरडाळ.

तर ह्या माणसाचं एक लांब गाणं होतं, खाडीवरचं. आधीची लांब होती, हे त्यांचा बाप. कित्येक वर्षं तो ते करत होता. भरती, ओहोटी, मिठागर, मग कारखाने, मग इमारती, असं सगळं त्यात वाजवून घेतलेलं. मधला एक तुकडा मात्र रिकामा होता. तिथं त्याला धवला हवा होता, आणि तो माझ्या आवाजात.

मी धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाऊन गावदेवीला, वाडवडलांना, खाडीला, सगळ्यांना नावं घेऊन मांडवात बोलावते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण धवले आईकडून तोंडपाठ आहेत. मी त्याला स्वच्छ नाही म्हटलं. लग्न नसताना धवला गात नाहीत. देव मांडवात आले आणि मांडवच नसला तर त्यांना काय सांगायचं, की रेकॉर्डिंग हाय, बसा?

त्यानं ऐकून घेतलं. मग त्याचे उद्योग सुरू झाले. माझ्यामागं माईक घेऊन लग्नांना यायला लागला. पण आता हळदीला डीजेच्या भिंती उभ्या असतात. धवलारणीला व्हिडिओपुरतं बसवतात आणि उठवतात. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये डीजे, डीजे आणि मधेच कुणीतरी ओरडतंय, "ए, चार्जर कुनाकडं हाय?" मग त्यानं कीबोर्डातून बाईचा आवाज काढला आणि मला ऐकवला. मी म्हटलं, "ही बाय कोन? हिला ताप आयलाय." त्यानं तोही पुसला. माझी सून गमतीनं म्हणाली, "काका, त्यापेक्षा लग्नच करा ना, एका दगडात दोन कामं होतील." तो खरंच विचारात पडला आणि म्हणाला, "पन मग ड्रम कुठं ठेवायचा?"

असं चाललेलं असतं तर चाललं असतं. पण घर पाडायचं ठरलं. शेजारच्या घरांसकट आमचंही बिल्डरला दिलं, दिवाळीनंतर रिकामं करायचं होतं. मुलानं काकाला सांगितलं, नवीन इमारतीत तुम्हाला चांगली खोली देऊ. हा म्हणाला, "खोली मिलंल. आवाज नाय मिलनार." कारण गाण्यातलं बाकी सगळं ह्याच कोठीत वाजवलेलं. दुसऱ्या खोलीत घेतलेला तुकडा परक्यासारखा वेगळा ऐकू येतो म्हणे. म्हणजे धवला मिळाला तर ह्याच कोठीत, दिवाळीच्या आत-बाहेर. नाहीतर गाणं कायमचं तसंच, मधे भोक पडलेलं. त्यानं मला पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी ओरडले असते आणि मोकळी झाले असते. तो नुसता कोठीत बसायचा, दिवा न लावता. जेवायला हाक मारली की यायचा आणि दुसरी भाकरी मागायचा नाही. हे मला सहन होत नव्हतं.

दिवाळी झाली. अंगणातलं वृंदावन पडणार म्हणून मी तुळस आधीच डब्यात लावली होती. तुळशीच्या लग्नासाठी तिला गेरू लावत होते आणि एकदम ध्यानात आलं. मी हाक मारली, "धाकल्या, तुलशीचा लगीन म्हंजे काय असतो?"

"काय असतो?"

"लगीन असतो."

तो जे धावत सुटला ते माईक लावायलाच.

आमच्याकडं तुळशीचं लग्न मीच लावते, भटजी लागत नाही. पण बाहेर फटाके आणि उरणकडं जाणारे कंटेनर. म्हणून मांडव कोठीत घातला. ड्रमच्या चार बाजूंना ऊस बांधले, मधे स्टुलावर तुळस, हळद लावलेली. तिच्या शेजारी किसनदेव. मुलानं आणि सुनेनं अंतरपाट धरला. पंखा बंद, फ्रिज बंद, आधी मासे तपासून. धाकल्यानं माझ्या कानांवर हेडफोनचं मोठं झाकण घालायला आणलं. मी म्हटलं, "देवाला हाक मारताना कोन कान झाकतो? तुझी वाद्यां माज्यामागं येऊ दे." त्यानं झाकण ठेवून दिलं आणि लाल दिवा लावला.

मी गायले. वय झालंय, पण आवाज अजून भिंतीला लागतो. गावदेवी बोलावली, सासूसासरे बोलावले, माझा नवरा बोलावला, गेलेली मिठागरं बोलावली. मग नवऱ्या मुलाचं नाव घ्यायची जागा आली. तिथं किसनदेवाचं नाव घ्यायचं. माझ्या तोंडून धाकल्याचं नाव निघालं, पाळण्यातलं, बापाच्या नावासकट. त्याच्या लग्नासाठी हा धवला मी इतकी वर्षं तयार ठेवला होता, तो त्या जागी आपला आपण बाहेर आला. मुलाचे डोळे मोठे झाले. सुनेनं पदर तोंडात कोंबला. पण दिवा लाल होता, बोलणार कोण? मी शेवटपर्यंत गायले आणि अक्षता टाकल्या.

दिवा विझला.

"वयनी," तो म्हणाला, "नाव चुकला."

"चुकला."

"परत घ्यायचा?"

"लगीन परत लावतात का?"

सून हसून हसून खाली बसली. "म्हणजे आई, टेक्निकली तुळस आता आमची काकी."

मग तो कोठीत शिरला. जेवायला यायचा, दुसरी भाकरी घ्यायचा आणि परत आत. माझ्या धवल्यामागं वाद्यं बसवायला त्याचा घाम निघाला, कारण माझी एक ओळ लांब, एक आखूड, जसा श्वास पुरेल तशी. एका सकाळी बाहेर येऊन म्हणाला, "वयनी, मी सगला मोजला. मना वाटायचा, सातचा ठेका मी कॅसेटीतून शिकलो. नाय. तू गाताना शेवटचा ठोका कधी घेतच नाय. तुज्या कडेवर होतो तवाच ऐकला असंल."

मी म्हटलं, "म्हंजे बेंजो पार्टीतून काढला त्ये पन माज्याच माथी का?"

"हां," तो म्हणाला. एवढा खूष मी त्याला कधी पाहिला नव्हता.

घर सोडायच्या आदल्या दिवशी त्यानं गाणं अंगणात लावलं. स्पीकर आणले त्याच बेंजो पार्टीच्या मालकाकडून. तो आता म्हातारा झालाय आणि पोरगा डीजे चालवतो. आळीतली माणसं खुर्च्या घेऊन आली, एकदोघी नाचायला उठल्या आणि पहिल्याच वळणावर शहाण्यासारख्या बसल्या. मग कुणी उठलं नाही. तीनदा संपल्यासारखं वाटलं तेव्हाही नाही. सगळं झाल्यावर मालक काठी टेकत धाकल्याकडं गेला आणि म्हणाला, "आक्खा कलला नाय. पन उठवला नाय रं." धाकल्यानं त्याच्या पायांना हात लावला. मी आत जाऊन भांडी बांधायला घेतली, कारण भांडी बांधायची राहिली होती.

आता आम्ही बेलापूरच्याच सीबीडीत भाड्याच्या घरात आहोत. वाद्यं पलंगाखाली, ड्रम मित्राच्या गाळ्यात. इथं सोसायटीत दुपारी मिक्सर लावला तरी खालून माणूस येतो. कोठीच्या जागी खड्डा आहे, मी एकदा जाऊन बघून आले, परत जाणार नाही. तुळस गॅलरीत आहे. धाकला सकाळी स्वतःच्या चहाआधी तिला पाणी घालतो आणि सून रोज विचारते, "काका, काकींनी चहा घेतला का?" तो लाजतो. त्या वयाच्या माणसाला लाजताना बघायला बरं वाटतं.

मशीनवर एक बटण दाबलं की ते नाव काढता आलं असतं, असं मुलगा सांगत होता. धाकल्यानं काढलं नाही. उलट त्या जागी सगळी वाद्यं थांबवलीत, ड्रमसुद्धा. नुसता माझा आवाज आणि त्याचं नाव. मग एक ठोका. एकच. हळदीत खाल्लेला तो आठवा ठोका तिथं परत दिला, असं तो म्हणतो.

दुपारी घरात कुणी नसलं की तो ते गाणं हळू आवाजात लावतो आणि आम्ही दोघं बसून ऐकतो. पूर्वी मी मधे तीनदा उठायचे. आता नाही उठत. गुडघे दुखतात, तेही आहेच.