आणणाऱ्याचा पहिला घोट

मागल्या आठवड्यात सुट्टी काढून मोरिवलीला घरी गेलो होतो. इंदूरच्या गिरणीतली ही माझी तिसरी नोकरी, बूड कुठे टेकतच नाही माझं... पण बायकोला पाचवा महिना लागला असं पत्र आलं आणि राहवेना.

दारात पाऊल टाकलं तर चुलीपाशी गंगूमावशी. गावची सुईण. पातेल्यात हिरवं काहीतरी उकळत होतं, आणि माझं डोकंच फिरलं.

कारण गेल्या साली बायकोचं पोट तिसऱ्याच महिन्यात पडलं होतं. मी तिकडे लांब, धड कुणी काही सांगितलं नाही... तेव्हापासून मनात एकच, या बाईनेच काहीतरी पाजलं असणार.

दोन दिवस मी नुसती पाळत ठेवली. मावशी परसात पानं खुडायची तेव्हा मी मागे उभा. दिसायला गवती चहाच्या दोन पाती नि आल्याचा तुकडा... पण पदराआडून आणखी काय टाकते कुणास ठाऊक. त्यात तिची एक खोड. पेला भरला की पहिला घोट स्वतः घ्यायची, बराच वेळ थांबायची, मग बायकोला द्यायची. मला वाटायचं, हे मला दाखवायला.

तिसऱ्या दिवशी मी पेला काढूनच घेतला. म्हटलं, हे बंद. गेल्या साली मी इंदूरहून गरोदर बाईच्या ताकदीचा चहा पाठवला होता, तसलं काही द्या. मला वाचता येतं जेमतेम, पण पुडीवर 'ताकत' एवढं नीट वाचून घेतली होती.

मावशी हसली. "ती हाय ना अजून. काढ गो पोरी."

बायकोने फडताळातून पुडी काढली. मी मारलेली गाठ तशीच. वर्षभर कुणी सोडलीच नव्हती...

"आनली कोनी? तू. मंग पयला घोट तुझा. ही पोटुशी आसंल नि तू बी हितं आसशील, तवा पाजू म्हनून ठेवलीय."

मीही इरेला पेटलो. अख्खा पेला प्यायलो. दुपारनंतर पोटात अशी कळ सुरू झाली की संध्याकाळपर्यंत हातातलं टमरेल काही सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेली पुडी घेऊन उल्हासनगरच्या कॅम्पात जडीबुटीवाल्या सिंधी शेठकडे गेलो. त्याने एक पान उचललं. "सनाय है, जुलाब की. कब्ज तुमको है क्या, भाऊ?" सनाय म्हणजे आपली सोनामुखी. मी म्हटलं, गरोदर बायकोसाठी घेतली होती. त्याने पुडी मला परतच दिली नाही. "पेटवाली को ये? किसने दिया?"



घरी येऊन बायकोला विचारलं, मग गेल्या साली झालं तरी काय? ती म्हणाली, "काहीच प्याले नव्हते मी. राहिलं नाही, एवढंच. मावशी तीन दिवस स्वतःच्या घरी गेली नव्हती."

आता इंदूरला परत आलोय. इथून घरी काही पाठवायचं नाही, फक्त पत्र... मावशीची माफी मागायची राहिलीच. वर्षभर मी तिच्याबद्दल मनात काय धरून बसलो होतो ते तिला पहिल्या दिवशीच कळलं असणार, तरी मी निघताना तिने आलं घातलेला पेला आधी मला दिला. पहिला घोट स्वतः घेऊन.